विश्लेषण : खोक्यावरच्या चार ओळींतून घडलेला गुप्तहेर… ट्रान्सफॉर्मर्सचा ‘नाईटबीट’ नेमका कोणाचा?

१९८८ साली खेळण्याचा एकच साचा दोन देशांत दोन वेगळ्या नावांनी विकला गेला. साचा होता पोर्शे ९५९च्या धर्तीवरच्या एका छोट्या स्पोर्ट्स कारचा. कार उलगडली की रोबो व्हायचा आणि रोबोचं डोकं काढून उलगडलं की त्या डोक्याचाच बोटभर उंचीचा माणूस व्हायचा. जपानमध्ये हे खेळणं पांढऱ्या-लाल रंगात आलं. तिथे त्याचं नाव होतं मिनर्व्हा, जखमींना मदत करणारी एक मुलगी. अमेरिकेत तेच खेळणं निळ्या-पिवळ्या रंगात आलं. तिथे तो झाला नाईटबीट, रहस्याचा वास आला की चालू असलेलं युद्धही विसरून जाणारा गुप्तहेर.

प्लास्टिक तेच, सांधे तेच, चाकंही तीच. तरी एकाला दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही. ट्रान्सफॉर्मर्सच्या चाळीस वर्षांच्या पसाऱ्यात शेकडो रोबो आले. त्यातले बहुतेक एका दिवाळीपुरते, म्हणजे तिकडच्या हिशेबाने एका ख्रिसमसपुरते जगले आणि अडगळीत गेले. नाईटबीट मात्र मारला गेला, परत आला, आणि आजही चाहत्यांच्या आवडत्या पात्रांमध्ये आहे. खेळणं म्हणून तो फार विशेष नव्हता. तो टिकला लिहिणाऱ्यांमुळे. आणि तो ज्यांनी लिहिला, त्यांचा त्याच्यावर कवडीचाही हक्क नाही.

नाईटबीट म्हणजे कोण?

ट्रान्सफॉर्मर्सची मूळ गोष्ट बहुतेकांना सिनेमांमुळे माहीत आहे. सायबरट्रॉन नावाचा यंत्रांचा ग्रह, तिथले ऑटोबॉट आणि डिसेप्टिकॉन हे दोन गट आणि लाखो वर्षं चाललेलं त्यांचं युद्ध. ऑप्टिमस प्राइम आणि मेगाट्रॉन हे दोन्हीकडचे सेनापती. नाईटबीट ऑटोबॉटांच्या बाजूचा.

‘बीट’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. पुण्या-मुंबईत पोलिसांचे बीट मार्शल असतात, वर्तमानपत्रांत क्राइम बीट असते. नाईटबीट म्हणजे रात्रीची गस्त. नावातच त्याचा पेशा आहे. या विश्वात ज्याच्या-त्याच्या नावात त्याचं शस्त्र, वेग नाहीतर दहशत असते. याच्या नावात पायपीट आहे.

तो ज्या गटातला, त्याला हेडमास्टर म्हणतात. शाळेचे मुख्याध्यापक इथे अभिप्रेत नाहीत. शब्दशः ‘डोक्याचा मालक’. १९८७ साली ही कल्पना आली. रोबोचं डोकं म्हणजे एक स्वतंत्र जीव. तो धडावर बसला की दोघे मिळून एक होतात. पुढच्या वर्षी याच कल्पनेची लहान आकारातली खेळणी आली. त्यात ऑटोबॉटांकडून तिघे होते : होजहेड, सायरन आणि नाईटबीट. नाईटबीटच्या डोक्याचं नाव मझल. ज्याची सगळी मिजास डोक्यावर, त्या गुप्तहेराचं डोकंच दुसऱ्याचं, हा विनोद खेळण्याच्या रचनेतच होता. तो कोणी ठरवून केला असेल असं मात्र वाटत नाही.

खेळण्याला स्वभाव आला कुठून?

इथे थोडं मागे जावं लागतं, कारण नाईटबीटची खरी गोष्ट इथेच सुरू होते.

सुरुवातीचे ट्रान्सफॉर्मर्स अमेरिकेत जन्मले नव्हते. जपानच्या टाकारा कंपनीच्या ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रो चेंज’ या दोन मालिकांमधली ती खेळणी होती. गाडीचा रोबो व्हायचा, कॅसेट प्लेअरचा रोबो व्हायचा, पण त्या रोबोंना आजच्यासारखी व्यक्तिमत्त्वं नव्हती. डायाक्लोनमध्ये ते चक्क माणसांनी आत बसून चालवायची यंत्रं होती. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने हे साचे घेतले आणि ठरवलं की ही यंत्रं स्वतःच जिवंत असतील. मग त्यांना नावं हवीत, बाजू हव्यात, भांडायला कारण हवं. हे काम गेलं मार्व्हल या कॉमिक कंपनीकडे.

मार्व्हलचे तेव्हाचे मुख्य संपादक जिम शूटर यांनी मूळ कथेचा आराखडा लिहिला. ‘ऑप्टिमस प्राइम’ हे नाव डेनी ओ’नील यांनी सुचवलं. पण बाकीच्या बहुतेक पात्रांची नावं आणि स्वभाव लिहिले बॉब बडियान्स्की या संपादकाने, तेही १९८३च्या अखेरीस, अगदी थोड्या दिवसांत. ‘मेगाट्रॉन’ हे नाव हॅस्ब्रोला आधी फार भीतिदायक वाटलं होतं. तो खलनायक आहे, भीती वाटायलाच हवी, असं सांगून बडियान्स्कींनी ते मंजूर करून घेतलं, ही आठवण त्यांनी नंतर सांगितली आहे.

हे लिखाण छापलं जायचं कुठे, तर खोक्याच्या मागच्या बाजूला. एका चौकटीत पात्राचं काम, त्याचं ब्रीदवाक्य आणि परिच्छेदभर माहिती. शेजारी ताकद, बुद्धी, वेग, चिवटपणा, हुद्दा, धैर्य, मारकशक्ती आणि कौशल्य अशा आठ गोष्टींचा आलेख. तो लाल रेघोट्यांमध्ये लपवलेला असायचा. सोबत मिळणारी लाल पारदर्शक पट्टी त्यावर धरली की आकडे दिसायचे. मुलांनी खोका फेकू नये, कापून ठेवावा, यासाठीची ही युक्ती. झालं मात्र वेगळंच. मुलांनी आकड्यांबरोबर तो परिच्छेदही पाठ केला.

असाच प्रयोग हॅस्ब्रोच्या ‘जी. आय. जो’ या सैनिकांच्या खेळण्यांवर आधीच झाला होता. तिथे माहितीपत्रकं लिहिली लॅरी हामा यांनी. ते बाहुले भारतात फनस्कूलने विकले. गोव्यातही कारखाना असलेली ही कंपनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत शाळेत असलेल्यांना चांगलीच आठवत असेल. त्या पिढीतल्या अनेकांच्या घरी पुठ्ठ्यावरून कापलेली ती चौकोनी कार्डं अजून एखाद्या कंपासपेटीत सापडतील. बाहुल्याचा हात केव्हाच तुटलेला असतो, कार्ड मात्र जपलेलं असतं.

नाईटबीटच्या वाट्याला असाच परिच्छेद आला. सोडवायला रहस्य मिळालं की खूश होणारा, दिसतं त्यावर पटकन विश्वास न ठेवणारा असा हा रोबो. एवढ्यावर एखादं पात्र उभं राहू शकतं का? त्याच वर्षी त्याच दुकानात त्याच फळीवर अशाच परिच्छेदांचे डझनावारी रोबो होते. त्यातले किती आज आठवतात?

टीव्हीवर तो का नव्हता?

कारण साधं आहे. अमेरिकेतली मूळ कार्टून मालिका नोव्हेंबर १९८७मध्येच संपली. नाईटबीट दुकानात आला १९८८ला. त्याला आवाज मिळाला नाही, शीर्षकगीत मिळालं नाही.

त्या काळात ही फार मोठी उणीव होती. अमेरिकेत १९८४ साली दूरसंचार नियामकाने टीव्हीवरच्या जाहिरातींच्या वेळेवरची बंधनं काढून टाकली होती, आणि खेळण्यावरून बेतलेली कार्टून म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरातच, अशी टीका पालकांच्या संघटना करत होत्या. टीका चुकीची नव्हती. १९९०च्या कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींना तासाला शनिवार-रविवारी साडेदहा आणि इतर दिवशी बारा मिनिटांची मर्यादा घातली. पण तोवर ऐंशीच्या दशकाने आपलं काम उरकलं होतं. टीव्हीवर दिसेल तो रोबो विकला जाईल, हा नियम झाला होता.

नाईटबीटकडे फक्त कॉमिक होतं. तेही घसरणीला लागलेलं.

मग तो खरा गुप्तहेर कधी झाला?

मार्व्हलचं अमेरिकन ट्रान्सफॉर्मर्स कॉमिक १९८४ साली चार अंकांची छोटी मालिका म्हणून सुरू झालं. खप इतका झाला की ते ८० अंक चाललं. बराच काळ ते बडियान्स्कींनीच लिहिलं. पण हॅस्ब्रो दर वर्षी नवी खेळणी काढणार, ती सगळी कथेत आणायची, जुनी बाजूला सारायची, हा रेटा कोणालाही थकवणारा. ५५व्या अंकानंतर ते बाहेर पडले आणि १९८९मध्ये सूत्रं आली सायमन फर्मन यांच्याकडे.

फर्मन ब्रिटनमधले. तिथे ट्रान्सफॉर्मर्सचं वेगळं साप्ताहिक निघायचं. अमेरिकेचा अंक महिन्याला एक, ब्रिटनला दर आठवड्याला मजकूर हवा. साहजिकच मधली जागा भरायला ब्रिटिश लेखकांनी आपल्या कथा लिहायला घेतल्या. केवळ पानं भरायची गरज म्हणून सुरू झालेल्या या कथा पुढे मूळ कथांपेक्षा जास्त वाखाणल्या गेल्या. अशी एकूण ३३२ अंकांची ती शाळा. फर्मन त्या शाळेतून आले होते, आणि त्यांना ठाऊक होतं की सगळ्यांना सगळं देत बसण्यापेक्षा चारजणांना नीट स्वभाव दिला तर वाचक थांबतो.

त्यांनी उचलला नाईटबीट. १९९०मध्ये ६२व्या अंकापासून ‘मॅट्रिक्स क्वेस्ट’ ही कथामाला सुरू झाली. ऑटोबॉटांची हरवलेली पवित्र वस्तू शोधायला वेगवेगळ्या तुकड्या वेगवेगळ्या ग्रहांवर जातात. फर्मन यांनी गंमत अशी केली की त्यातले अंक एकेका गाजलेल्या कलाकृतीच्या धाटणीत लिहिले. ६४वा ‘मोबी डिक’च्या वळणावर जातो, ६५व्यात ‘एलियन’ची सावली आहे. आणि पहिला, म्हणजे ६२वा अंक नाईटबीट, सायरन आणि होजहेड या तिघांचा. त्याचं नाव ‘बर्ड ऑफ प्रे’, आणि तो आहे डॅशिएल हॅमेट यांच्या ‘द माल्टीज फाल्कन’चा यांत्रिक अवतार.

हॅमेट यांची ती कादंबरी १९३०ची. त्याआधी ती ‘ब्लॅक मास्क’ या मासिकात क्रमशः आली होती. स्वस्त कागद, भडक मुखपृष्ठ, आणि आत एकटा, बोलायला तिखट, कोणावरही विश्वास नसलेला गुप्तहेर. आपल्याकडे बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा ज्या उत्साहाने भाड्याच्या वाचनालयांतून नेल्या जायच्या, त्याच जातीचं हे वाचन. समीक्षकांनी नाकं मुरडली, लोकांनी पारायणं केली. पुढे हॅमेट अभ्यासक्रमात गेले, ती गोष्ट निराळी.

या जातीच्या गुप्तहेराला रोबोंच्या युद्धात आणून सोडल्यावर काय होतं? बाकी पात्रं शत्रू दिसला की गोळी झाडतात. नाईटबीट आधी विचारतो, हा इथे आलाच का? कोण खोटं बोलतंय? आपल्या बाजूचा तर नाही ना? युद्धकथेत शत्रू ठरलेला असतो. रहस्यकथेत तो शेवटच्या पानापर्यंत ठरत नाही. फर्मन यांनी एका पात्राच्या जोरावर खेळण्यांच्या जाहिरातीत संशय घुसवला, आणि हे छोटं काम नव्हतं. ज्या विश्वात छातीवरच्या चिन्हावरून चांगला-वाईट कळतो, तिथे चिन्हापलीकडे पाहणारा एक जण आला.

कॉमिक मात्र वाचलं नाही. १९९१ला ते बंद पडलं.

केस सुटली, पण गुप्तहेरालाच आठवेना

पुढची बरीच वर्षं नाईटबीट जुन्या अंकांमध्ये पडून राहिला. २००५मध्ये कॉमिकचे हक्क आयडीडब्ल्यू या प्रकाशकाकडे आले आणि नव्या कथाविश्वाची जबाबदारी पुन्हा फर्मन यांच्यावर पडली. २००६मध्ये त्यांनी एकेका पात्रावर स्वतंत्र अंकांची ‘स्पॉटलाइट’ मालिका सुरू केली. पहिला अंक शॉकवेव्हवर, म्हणजे डिसेप्टिकॉनांच्या जुन्या, बड्या खलनायकावर. दुसरा कोणावर असावा? ऑप्टिमस प्राइम नाही, बंबलबी नाही. नाईटबीट. अठरा वर्षांपूर्वी आलेलं, टीव्हीवर कधी न गाजलेलं एक लहानसं खेळणं.

हा अंक आजही मिळाला तर वाचावा असा आहे. कथा कळू नये असं वाटत असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.

नाईटबीटच्या हाती एक धागा लागतो. जुन्या नोंदींमध्ये काहीतरी जुळत नाही. साधा सैनिक असता तर दुर्लक्ष केलं असतं. याला झोप येत नाही. धागा पकडत तो गोर्लम प्राइम नावाच्या ग्रहावर पोहोचतो, तिथे जे चाललंय ते कल्पनेपलीकडचं आहे, आणि तो उत्तराच्या अगदी जवळ जातो. तिथेच तो पकडला जातो. त्याला मारत नाहीत. त्याच्या डोक्यात फेरफार करतात, पाहिलेलं सगळं पुसतात आणि परत पाठवतात. तो परततो ते हा धागा पोकळ होता, वेळ वाया गेला, असं समजून.

गुप्तहेरकथेचा करार असा असतो की शेवटी गुप्तहेराला सगळं कळतं आणि तो वाचकाला समजावून सांगतो. इथे वाचकाला सगळं कळलं आहे आणि गुप्तहेर अंधारात आहे. त्याच्या डोक्यात दुसऱ्याने काहीतरी पेरलं आहे, हे त्याला सांगायला वाचक पानात शिरू शकत नाही. ज्याचं डोकंच सुटं होऊ शकतं अशा खेळण्यावर बेतलेल्या पात्रासाठी याहून क्रूर आणि याहून चपखल शेवट सुचणं कठीण आहे. पेरलेल्या त्या फेरफाराचा हिशेब २००८च्या ‘स्पॉटलाइट : हार्डहेड’ या अंकात होतो. नाईटबीट दुसऱ्यांच्या ताब्यात जातो आणि त्याच्याच बाजूच्या हार्डहेडला त्याच्यावर गोळी झाडावी लागते.

खेळण्यांच्या विश्वात मरण फारसं पक्कं नसतं. तरीही हे मरण वाचकांना लागलं.

मेलेल्याला परत कोणी आणलं?

ज्यांनी लहानपणी ते ब्रिटिश साप्ताहिक वाचलं होतं, त्यांच्यातल्याच एकाने.

जेम्स रॉबर्ट्स हे मुळात चाहते. व्यावसायिक लेखक होण्याच्या कितीतरी आधी, २००१मध्ये, त्यांनी ‘युजेनेसिस’ नावाची ट्रान्सफॉर्मर्सची कादंबरी लिहून स्वतःच छापली होती. कंपनीचा तिच्याशी संबंध नव्हता. जानेवारी २०१२मध्ये याच रॉबर्ट्स यांच्या लेखणीतून आयडीडब्ल्यूची ‘मोअर दॅन मीट्स द आय’ ही मालिका सुरू झाली. युद्ध संपलं आहे, आता या लढवय्यांनी करायचं काय, असा तिचा प्रश्न. ‘लॉस्ट लाइट’ नावाचं जहाज, त्यावरचे विक्षिप्त प्रवासी, त्यांची दुखणी, त्यांचे विनोद, त्यांची प्रेमं. रोबोंच्या कॉमिककडून कोणी अपेक्षा केली नसेल इतकं ते माणसांविषयी होतं.

त्याच सुमारास ‘डार्क सायबरट्रॉन’ या मोठ्या कथेत नाईटबीट जिवंत सापडला आणि २०१४मध्ये लॉस्ट लाइटवर चढला. युद्ध संपलेल्या जगात सैनिक बेकार होतात. गुप्तहेराचं काम उलट तिथेच सुरू होतं.

रॉबर्ट्स यांनी त्याला जी प्रकरणं दिली, ती निव्वळ खून कोणी केला या धाटणीची नव्हती. एका कथेत प्रवासी एकेक करून डोळ्यांदेखत नाहीसे होऊ लागतात. हल्ला नाही, आवाज नाही, माणूस होता आणि आता नाही. सगळे विचारत असतात की आता पाळी कोणाची. खरा धागा असतो मागे उरलेल्यांच्या यादीत : जहाजाने पहिली झेप घेतली तेव्हा आत कोण होतं आणि कोण नंतर येऊन मिळालं? त्या पहिल्या झेपेच्या वेळी इंजिनांत बिघाड होऊन जहाजाची आतल्या माणसांसकट दुसरी प्रत तयार झाली होती, हे पुढे उलगडतं. ज्याने कधी कोडमधला बग शोधला आहे, त्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. काय बिघडलं याकडे टक लावून बसायचं नाही. काय बिघडलं नाही ते पाहायचं आणि दोघांतला फरक काढायचा.

म्हणजे पहिला परिच्छेद खोक्यावर आला, त्यावर फर्मन यांनी माणूस उभा केला, त्याला मारलंही त्यांनीच, आणि त्यांचा वाचक मोठा होऊन त्याला परत घेऊन आला. दरम्यान हॅस्ब्रोने नाईटबीटची नवी खेळणीही काढली. खेळणं विकण्यासाठी कॉमिक निघालं होतं, आता कॉमिकमध्ये पात्र जगलं म्हणून खेळणं निघत होतं.

मग नाईटबीट कोणाचा?

कायद्याने हॅस्ब्रोचा. यात संदिग्धता नाही.

अमेरिकेत १९७६च्या कॉपीराइट कायद्यात ‘वर्क मेड फॉर हायर’ अशी तरतूद आहे. त्यात बसणाऱ्या लिखाणाचा नुसता मालक नव्हे, तर ‘लेखक’ही ते करवून घेणारा समजला जातो. एरवी हक्क विकून टाकलेल्या लेखकाला ३५ वर्षांनी ते परत मागण्याची एक वाट त्या कायद्यात आहे. या प्रकारच्या कामाला ती वाटही बंद.

हे किती गंभीरपणे घेतलं जातं, याचं मासलेवाईक उदाहरण ट्रान्सफॉर्मर्समध्येच आहे. १९८७मध्ये फर्मन आणि चित्रकार जेफ सीनियर यांनी ब्रिटिश अंकासाठी ‘डेथ्स हेड’ नावाचा सुपारीबाज यांत्रिक शिकारी तयार केला. पात्र फक्कड जमलं आहे हे मार्व्हलच्या लक्षात आलं. ते ट्रान्सफॉर्मर्सच्या अंकात पहिल्यांदा छापलं गेलं तर हॅस्ब्रोचं होऊन बसण्याची धास्ती होती. म्हणून त्याच्यावर एक पानाची स्वतंत्र चित्रकथा करवून घेण्यात आली, पात्र मार्व्हलचं हे सिद्ध करण्यापुरती. युक्ती लागू पडली. डेथ्स हेड आजही मार्व्हलकडे आहे, नाईटबीट हॅस्ब्रोकडे.

या सगळ्या ओढाताणीत दोन कंपन्या होत्या. ज्यांनी तो शिकारी कल्पिला ते दोघे या भांडणात पक्षकारच नव्हते.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. शेकडो लेखक, चित्रकार, खेळण्यांचे आरेखक यांनी मिळून उभारलेल्या विश्वात प्रत्येक तुकड्याचा वेगळा मालक असता तर पुढची गोष्ट कोणालाच सांगता आली नसती. फर्मन यांचा नाईटबीट रॉबर्ट्स यांना सहज वापरता आला, तो मालकी एका जागी होती म्हणूनच. पण मालकी एका जागी ठेवणं आणि श्रेय पुसून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉमिकच्या पानावर निदान लेखकाचं नाव छापलं जातं. खेळण्याच्या खोक्यावर, जिथे या पात्राचा स्वभाव पहिल्यांदा लिहिला गेला, तिथे कंपनीच्या चिन्हाखेरीज कोणाचंही नाव नसतं.

मराठीतलं उलटं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे म्हटलं की भा. रा. भागवत हे नाव आपोआप येतं. २०१७मध्ये ‘फास्टर फेणे’वर चित्रपट निघाला, फेणे सायकल सोडून आजच्या पुण्यात आला, तरी तो भागवतांचा फेणेच राहिला. पात्र बदललं, काळ बदलला, पण लेखक पुसला गेला नाही.

इथल्या लिहिणाऱ्याने काय पाहावं?

नाईटबीटची गोष्ट लांबची वाटेल, पण पुण्या-मुंबईतल्या ॲनिमेशन स्टुडिओंमध्ये, मोबाइल गेम बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये आणि मुलांसाठीच्या यूट्यूब वाहिन्यांसाठी आज असंच काम चालतं. पात्राचं नाव, त्याचा तोंडी लागलेला शब्द, त्याची भीती कशाची, हे चार ओळींत लिहून द्या, अशी कामं. लिहिणारा बहुतेक वेळा पंचविशीतला असतो आणि करार वाचण्याआधी सही करतो.

भारताचा १९५७चा कॉपीराइट कायदा अमेरिकेइतका कठोर नाही, हे इथे माहीत असायला हवं. पगारी नोकरीत, कामाचा भाग म्हणून लिहिलं असेल तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिली मालकी कंपनीची, हे कलम १७ सांगतं. पण नोकरीत नसलेल्या, कामागणिक पैसे घेणाऱ्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक तो लेखकच असतो. कंपनीला हक्क हवे असतील तर ते लेखी करारानेच घ्यावे लागतात. त्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९नुसार ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो. म्हणूनच कंपन्यांच्या छापील करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द आवर्जून असतात. सहीपूर्वी नजर फिरवायची ती आधी या दोन शब्दांवर.

याखेरीज कलम ५७ आहे. हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलं’ असं म्हणण्याचा अधिकार, आणि लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर दाद मागण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. अमेरिकेत भाड्याने लिहिणाऱ्या फर्मन किंवा बडियान्स्की यांना असं कलम नव्हतं. २०१२च्या दुरुस्तीने चित्रपट आणि ध्वनिमुद्रणांत वापरलेल्या साहित्य-संगीताच्या मूळ लेखक-संगीतकारांना मानधनाचा वाटा सोडून देता येणार नाही, अशीही सोय केली. कॉमिक, खेळण्यांचं वेष्टन आणि गेम यांच्या लेखकांपर्यंत ती सोय पोहोचलेली नाही. ती पोहोचायला हवी. ज्या परिच्छेदामुळे निळी गाडी गुप्तहेर होते आणि पांढरी गाडी परिचारिका, तो परिच्छेद वेष्टनाचा पुठ्ठा नाही, ते साहित्य आहे.

दरम्यान, आयडीडब्ल्यूकडचे हक्क २०२२च्या अखेरीस संपले. २०२३मध्ये स्कायबाउंड या प्रकाशकाने ट्रान्सफॉर्मर्सची नवी मालिका काढली आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. त्या नव्या विश्वात गोर्लम प्राइमचं प्रकरण घडलेलं नाही, हार्डहेडने गोळी झाडलेली नाही आणि लॉस्ट लाइटने कधी झेपही घेतलेली नाही.